बोगद्यातला माणूस

माझ्या मॉनिटरच्या मेनूमध्ये 'ब्लॅक इक्वलायझर' नावाची एक पट्टी आहे, ० पासून २० पर्यंत. बेन्क्यूच्या झोवी मालिकेतल्या मॉनिटरांवर तिचं हे नाव. एलजी तिला 'ब्लॅक स्टॅबिलायझर' म्हणते, आसूस 'शॅडो बूस्ट', एमएसआय 'नाइट व्हिजन'. काम साधारण एकच. पट्टी वर सरकवली की चित्रातला उजेडाचा भाग जवळपास होता तसाच राहतो आणि फक्त काळोख उजळत जातो. कोपऱ्यात दबा धरून बसलेला माणूस भिंतीपासून हळूहळू सुटा होतो. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या नेमबाजीच्या खेळात याचा अर्थ सरळ आहे: तो मला दिसतो, आणि आपण दिसतोय हे त्याला माहीत नसतं.

हे न्याय्य आहे का?

प्रश्न किरकोळ वाटेल. खेळ खोटा, बंदूक खोटी, अंधारही खोटाच. पण किरकोळ आहे म्हणूनच तो नीट न्याहाळता येतो असं मला वाटतं. खऱ्या आयुष्यात लबाडीचा प्रश्न येतो तेव्हा त्याच्या मागोमाग पैसे, नाती, भाऊबंदकी, कोर्टाची तारीख असं सगळं येतं आणि मूळ प्रश्न त्या गर्दीत हरवतो. इथं फक्त एक पट्टी आहे.

मित्रांमध्ये विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मॉनिटर माझा, डोळे माझे, मी काहीही करीन. दुसरं उत्तर थोडं अधिक विचाराचं असतं आणि ते बहुधा इंजिनिअर देतात. ते असं की ही पट्टी नवीन माहिती आणतच नाही. ते समजून घ्यायला थोडा हिशेब लागेल. संगणक पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे ० ते २५५ असे आकडे पाठवतो. आकडा आणि प्रत्यक्ष उजेड यांचं नातं सरळ नसतं. मॉनिटर तो आकडा साधारण २.२ च्या घातानं वाकवतो, त्यालाच गॅमा म्हणतात. समजा बोगद्याची भिंत १२ वर आहे आणि तिला टेकून उभा असलेला माणूस १८ वर. पांढऱ्यासाठी ३०० निट उजेड देणाऱ्या मॉनिटरवर भिंत येते सुमारे ०.३६ निट आणि माणूस ०.८८. कागदावर दुपटीहून जास्त फरक. पण आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो, म्हणजे त्याचं 'काळं'सुद्धा ०.३ निटचं. त्यात काचेवर खोलीतल्या ट्यूबलाइटची झाक आली की हा फरक बुडतो. ब्लॅक इक्वलायझर एवढंच करतो: १२ आले तर ४० दाखव, १८ आले तर ५२ दाखव. म्हणजे तो माणूस केबलमधून माझ्यापर्यंत आधीच आलेला होता, मला फक्त वाचता येत नव्हता.

युक्तिवाद देखणा आहे, पण तो गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. कारण भिंतीपलीकडची माणसं दाखवणारा 'वॉलहॅक' वापरणारा माणूसही नेमकं हेच म्हणू शकतो. नेटवर्कवरच्या खेळात प्रतिस्पर्धी कुठे उभा आहे ही माहिती पुष्कळदा माझ्या संगणकाच्या मेमरीत येऊन पडलेली असतेच, नाहीतर तो कोपऱ्यातून बाहेर येताक्षणी पडद्यावर कसा उमटणार? वॉलहॅक ती वाचतो आणि दाखवतो, बस. ('व्हॅलोरंट'च्या कर्त्यांनी म्हणूनच सर्व्हरकडून ही माहिती शक्य तितकी उशिरा पाठवायची व्यवस्था केली.) तेव्हा 'माझ्या मशीनमध्ये आलं ते माझं' हे तत्त्व धरलं तर लबाडी नावाची गोष्टच उरत नाही.

मग रेघ कुठे ओढायची? एका टोकाला काही वाद नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघातल्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारा प्रोग्राम सापडला, संघ बाद झाला आणि पुढे बरखास्त झाला. ते लबाडीच होतं हे कुणालाही कळतं. दुसऱ्या टोकाला डोळे दुखतात म्हणून ब्राइटनेस कमी करणारा माणूस आहे, त्याला कुणी काही म्हणणार नाही. मधे लांबच लांब उतार आहे. पडद्याच्या मध्यावर नेमाचं चिन्ह मॉनिटरनंच काढून देणं. पिक्सेलनं रंग लवकर बदलावा म्हणून ओव्हरड्राइव्ह वाढवणं. चित्र ४:३ मध्ये खेळून आडवं ताणणं, म्हणजे माणसं रुंद दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये एमएसआयनं लास व्हेगासच्या प्रदर्शनात एक मॉनिटर मांडला, तो 'लीग ऑफ लेजंड्स'मधला छोटा नकाशा स्वतः वाचून शत्रू कोणत्या बाजूनं येतोय ते पडद्याच्या कडेला दाखवून देत होता. संगणकावर कुठलाही प्रोग्राम नाही, सगळी हुशारी काचेमागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हनं काउंटर-स्ट्राइकच्या आपल्या सर्व्हरवर काही कीबोर्डांची सोय बंद केली, ज्यात उलटसुलट दिशांच्या दोन कळांचा ताळमेळ माणसाऐवजी कीबोर्डच घालत होता. त्यांची रेघ अशी की हाताचं काम यंत्रानं करू नये. चांगली रेघ आहे. पण ब्लॅक इक्वलायझर हाताचं कुठलंच काम करत नाही. तो नुसता दाखवतो. त्या रेघेनं तो सहज सुटतो.

हे सगळं मी मागच्या दसऱ्यापर्यंत नुसतंच वाद घालण्यापुरतं बोलत असे. हिंगोलीचा दसरा म्हणजे रामलीला मैदान, दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा, प्रदर्शन, पाळणे, आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरं गावात. ही गर्दी बघून माझ्या मामेभावानं त्याच्या कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ ची स्पर्धा ठेवली. खेळ २००३ चा, पण दहा जुन्या मशीनवर विनाइंटरनेट चालणारा दुसरा खेळ सांगा. पाच-पाच जणांचे आठ संघ, पहिलं बक्षीस ११,००० रुपये, आणि नियम एवढाच की माउस, हेडफोन, मॉनिटर ज्याचा त्यानं आणला तरी चालेल. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, म्हणून मी पंच. पंचाचं काम फक्त वीज गेली तर राउंड पुन्हा खेळवायचा एवढंच असेल असं दोघांनाही वाटलं होतं.

वसमतच्या संघातला एक मुलगा स्वतःचा मॉनिटर घेऊन आला. दुचाकीवर, चादरीत गुंडाळून, मागं बसलेल्या मित्राच्या मांडीवर. सेकंडहँड, १४४ हर्ट्‌झचा. बीएस्सीला आहे आणि गावात मोबाइल दुरुस्ती करतो, त्यातून त्यानं तो घेतला होता. डस्ट२ नकाशा चालू होता, बी बाजूचा बोगदा, आणि समोरच्या संघातला जो कुणी बोगद्याच्या आतल्या अंगाला चिकटून बसे तो मरे. तीनदा असं झाल्यावर समोरचा कप्तान उठला. "दादा, याला आतलं दिसायलंय. आम्हाला तिथं नुसतं काळं दिसतंय अन् याला माणूस दिसायलाय." मी मेनू उघडला. पट्टी १५ वर होती.

कॅफे गप्प झालं. अकरा हजार हिंगोलीत लहान रक्कम नाही, पाच जणांत वाटली तरी. मी म्हणालो, शून्यावर कर. त्यानं केली, तक्रार न करता, आणि मग शांतपणे म्हणाला, "दादा, आता तुम्ही या खुर्चीत बसून बघा. मग यांच्या खुर्चीत बसा."

बसलो. त्याचं बरोबर होतं. कॅफेचे मॉनिटर साडेअठरा इंची, स्वस्त टीएन पॅनेलचे. टीएनचा स्वभाव असा की किंचित वरून बघितलं की काळं फिकट पडतं. नेहमीच्या पोरांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यातले दोघं मॉनिटर पुढं झुकवून खुर्चीवर मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्या बोगद्यात बऱ्यापैकी पहाट झालेली होती. पट्टी शून्यावर नेल्यावर त्या दोघांपेक्षा वसमतच्या मुलालाच कमी दिसत होतं. मी समानतेसाठी दिलेल्या निकालानं तो आंधळा झाला असता.

इथं माझ्या डोक्यातलं एक गृहीतक मोडलं, ते असं की एक 'मूळ' चित्र असतं आणि सेटिंग म्हणजे त्यात केलेली ढवळाढवळ. असं मूळ चित्र कुठेच नसतं. खेळ बनवणाऱ्याच्या टेबलावर त्याचा मॉनिटर असतो, तेवढंच. टीएनवर बोगदा राखाडी, आयपीएसवर गडद, व्हीएवर, जिथं कॉन्ट्रास्ट ३०००:१ पर्यंत जातो, तिथं अजून गडद. ट्यूबलाइट खिडकीशी असेल तर एक, मागं असेल तर दुसरं. शून्य हा आकडा प्रामाणिकपणाचा नाही. कारखान्यातल्या कुणीतरी तो तिथं ठेवलेला आहे.

तर मग सगळंच माफ? मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते शोधायला मला दुसऱ्या खेळांकडे जावं लागलं.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तिचा गाभा असा की खेळणारा माणूस अनावश्यक अडथळे स्वखुशीनं मान्य करतो. लगोरीची चिप्पाडं हातानंच पाडता येतात, पण आपण लांब उभं राहून चेंडू मारतो. अडथळा काढला की काम सोपं होतं आणि खेळ संपतो. आता प्रत्येक खेळात लपवणं आणि बघणं यांचं वाटप वेगळं केलेलं असतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू बोटांत लपवू शकतो, गुगली टाकू शकतो, पण पार्श्वभूमीत लपवू शकत नाही. म्हणून तर त्याच्या मागं साइटस्क्रीन उभी करतात, समोरून कुणी चाललं तर खेळ थांबवतात. चेंडू दिसणं हा फलंदाजाचा हक्क आहे. नेमबाजीच्या या खेळात उलट: कोपरा, सावली, बोगदा हे लपणाऱ्याचं भांडवल आहे. १.६ मध्ये तर बर्फाळ पांढऱ्या वेषापासून कुठलं सोंग घ्यायचं हेही खेळाडू निवडू शकत होता. अंधार तिथं सजावट म्हणून ठेवलेला नाही, तो नियमासारखा आहे. मी बोगद्यात शिरतो तेव्हा मी वेग सोडतो, नजरेचा कोन सोडतो, आणि त्या बदल्यात न दिसणं घेतो.

१४४ हर्ट्‌झ आणि ब्लॅक इक्वलायझर यांत मला जो फरक वाटतो तो इथं आहे. ६० हर्ट्‌झवर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ नी. वसमतच्या मुलाला समोरचा माणूस जास्तीत जास्त दहाएक मिलिसेकंद आधी दिसणार. ही असमानताच आहे, पैशाची, आणि तिच्याबद्दल कॅफेत एकानंही तक्रार केली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. (चांगल्या बॅटबद्दल कुणी भांडत नाही, जत्रेतल्या पैलवानाच्या खुराकाबद्दलही नाही. पैशाचा फायदा आपल्याला निसर्गासारखा वाटतो.) पण त्या दहा मिलिसेकंदांत मरणाऱ्याला आपली परिस्थिती तरी खरी माहीत असते. तो उघड्यावर आहे, त्याला ते कळतंय, तो धोका पत्करून आला आहे. बोगद्यातल्या माणसाचं तसं नाही. त्यानं जे मोजून दिलं त्याच्या बदल्यात काहीच मिळालेलं नाही, आणि ते त्याला मेल्यावरही कळत नाही. तो हरतो ते ठीक, पण आपण कुठे उभे आहोत याचीच त्याची समजूत खोटी केलेली असते.

यावर म्हणता येईल की हुलकावणी हीसुद्धा खोटी समजूतच. पावलांचा आवाज करून दुसरीकडून यायचं, हा खेळाचाच भाग. खरं आहे, पण हुलकावणीपासून सावध राहता येतं. आपण ऐकतो, शंका घेतो, वाट बघतो. पट्टी १५ वर आहे की शून्यावर, हे ओळखायला माझ्याकडे खेळाच्या आत कुठलंही साधन नाही.

अंधार मुळात पवित्र आहे असं मला म्हणायचं नाही. शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची येते तेव्हा बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणाऱ्या माणसाच्या घरातला मी आहे. सरीत साप असतो तेव्हा अंधाराचा आदर वगैरे बोलणाऱ्याच्या हातात फावडं द्यावं. आणि माझ्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथं लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केलेली. तिचं काम एका अर्थी माझ्या पट्टीचंच: गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत वर उचलायचा. तिथं कुणी म्हणणार नाही की दोन कृष्णविवरांची फसवणूक झाली. त्यांनी अंधार कुणाशी ठरवून घेतलेला नव्हता. तिथली नैतिक अडचण वेगळी आहे, जे बघायचंय तेच दिसायला लागण्याची. म्हणून सप्टेंबर २०१० मध्ये, अमेरिकेतल्या लायगोत, मोजक्या लोकांनी सहकाऱ्यांना न सांगता एक खोटा संकेत यंत्रात घातला, बाकीच्यांनी सहा महिने त्यावर काम केलं, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगण्यात आलं की तो खोटा होता. हे आधीच ठरलेलं होतं की असं कधीही होऊ शकतं, म्हणून त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

ही गोष्ट मला कॅफेतल्या भांडणाच्या जवळची वाटते. आमच्याकडच्या जत्रेत कुस्ती लागते तेव्हा दोघं पैलवान सलामी झाली की मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात. घामानं अंग निसटू नये, पकड बसावी म्हणून. म्हणजे समोरच्याला आपल्यावर पकड मिळावी याची सोय दोघंही करू देतात, आणि मग जीव तोडून ती सोडवतात. पत्त्यांतही हेच. मेंढीकोट खेळताना कुणाची पानं दिसत असतील तर बघणाऱ्याला बघायला मिळतं, पण एकदा तरी "पानं सांभाळ" म्हणायची रीत आहे. एकदा म्हटल्यावर तुझं तू बघ.

त्या दिवशी मी शेवटी आकडा सोडून दिला. दोन्ही कप्तानांना उठवलं, खेळ थांबवला, दहाही मशीनवर नकाशातल्या त्याच जागी, बोगद्यात, एक-एक माणूस उभा केला आणि त्यांना रांगेनं फिरवलं. हा माणूस दिसतोय? इथं? इथं? झुकवलेले दोन मॉनिटर तक्रार करणाऱ्या कप्तानानं स्वतःच सरळ केले, जरा ओशाळून. वसमतच्या मुलाची पट्टी ६ वर आली, तेव्हा दोघं म्हणाले, हां, सारखं झालं. कुठल्याही यंत्रानं मोजलेलं नाही, चार डोळ्यांनी जुळवलेलं. मग खेळ झाला.

मोठ्या कंपन्यांनी हा प्रश्न दुसऱ्या वाटेनं सोडवला आहे, अंधारच काढून टाकून. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये खेळाडू पार्श्वभूमीतून उठून दिसावेत म्हणून वेगळं सेटिंग खेळातच दिलेलं आहे. व्हॅलोरंटमध्ये शत्रूभोवती रंगीत कडच असते. ती लाल, जांभळी किंवा पिवळी करता येते, रंगांधळ्या लोकांसाठी केलेली सोय. नांदेडला हॉस्टेलवर माझ्या खोलीत असलेल्या मित्राला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तो पिवळ्या कडेवर खेळतो, आणि चांगले डोळे असलेले पुष्कळ जणही पिवळीच घेतात कारण ती जास्त झळकते. सोय सगळ्यांसमोर मेनूत असल्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. फक्त त्या खेळात लपणं जवळपास उरलेलं नाही. खेळाडूंनी हे पूर्वीपासून स्वतःहूनच केलंय: 'क्वेक'मध्ये भिंतींचं नक्षीकाम पुसून सपाट रंग करायचे, बीजीएमआयमध्ये पोरं महागड्या फोनवरही ग्राफिक्स 'स्मूद'वर ठेवतात. कुणा चित्रकारानं महिनोन्‌महिने बसून पाडलेल्या सावल्या आणि आम्ही त्या पहिल्या दिवशी पुसतो. जिंकण्यासाठी ते रास्त असेल. मला बोगदा आवडायचा.

यंदा मामेभावानं नियम लिहून मागितले. मी लिहिलं की प्रत्येक सामन्याआधी दोन्ही कप्तानांनी दहाही पडदे बघून घ्यावेत. तो म्हणाला, "आठ संघ हायेत, सात मॅचा. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं? अन् मधी लाइट गेली म्हणजे?" हिशेब त्याचाही चूक नाही. त्यानं एकच ओळ ठेवली: बाहेरचा मॉनिटर चालणार नाही. या नियमात भांडण होणार नाही, आणि चादरीत गुंडाळून वसमतहून काही आणायची वेळही कुणावर येणार नाही. ज्यानं दोन वर्षं मोबाइल उघडून-जोडून तो घेतला त्याचा तो घरी राहील.

त्या मुलाचा मला मेसेज आला. नियम वाचला, ठीक आहे, आम्ही येतोय. खाली विचारलं होतं, दादा, कॅफेचा मॉनिटर थोडा पुढं झुकवून घेतला तर चालतंय का?

मी लिहिलं, चालतं. मामेभावाला अजून सांगितलेलं नाही.